जपानच्या शाळेसोबत प्रोजेक्ट करावा का, का नुसता फोटोपुरता होतो?

मांजराकाठचा मास्तर, केज (बीड)

नमस्कार मंडळी. जि.प. शाळेवर आहे, पहिली ते आठवी, पट १०४ आणि आम्ही पाच जण. मागच्या वर्षी एका ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये जपानच्या एका शिक्षिकेची ओळख झाली होती, शिकोकू बेटावर कागावा म्हणून प्रांत आहे तिथल्या प्राथमिक शाळेत सहावीला शिकवतात. आता त्यांचा मेल आलाय की तुमची सहावी-सातवी आणि आमची सहावी मिळून पाण्यावर काहीतरी करू. जपान म्हणलं की मला बुलेट ट्रेन आन रोबोट एवढंच माहीत, म्हणून मी कागावाबद्दल वाचत बसलो तर तिथं जपानच्या मानानं पाऊस कमी पडतो, नद्या लहान, म्हणून लोकांनी जुन्या काळापासून शेतीसाठी तळी बांधून ठेवलीत, एवढ्याशा प्रांतात दहा हजाराच्या वर तळी आहेत. म्हणलं अरे हे तर आपलंच दुखणं.

पण गाडी पुढं जाईना. मुख्याध्यापक म्हणायलेत, सर आधी निपुणची (वाचन-गणिताच्या सरकारी कार्यक्रमाची) माहिती भरा मग जपानला जा. आता ते चुकीचं बोलतात असं पण नाही, सहावीच्या २३ लेकरांतल्या सात-आठ जणांना अजून भागाकार धड येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला तर एक पालक म्हणले, मग सर आमचं पोरगं जपानला जाणार का? मी नाही म्हणलं. ते म्हणले मग काय उपयोग. त्याच बैठकीत दुसऱ्या एकानं काढलं की त्यांच्या थोरल्याला कोणीतरी जर्मनीला लावून देतो म्हणतोय, पोरगं बारावी झालंय, अडीच लाख मागतोय, तर हे खरं असतं का ते जरा मोबाइलवर विचारा. ते पण विचारून टाकतो इथंच.

सामान म्हणाल तर एक लॅपटॉप, लोकवर्गणीतला टीव्ही, प्रोजेक्टर आहे पण बल्ब गेलाय. नेट माझ्याच मोबाइलचं. लाइट असली तर असली. आन मेन म्हणजे दसरा झाला की निम्मा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला जातो, थोडे हंगामी वसतिगृहात राहतात, सगळे नाही राहत.

ज्यांनी असं बाहेरदेशच्या शाळेबरोबर केलंय त्यांनी खरं खरं सांगा, लेकरांच्या पदरात नेमकं काय पडतं?

---

लातूरची बाई

सर, तुमच्या धनेगावच्या धरणाचं पाणी आम्ही लातूरकर पितो, त्यामुळं तुम्हाला उत्तर देणं भागच आहे 😀

मी दोनदा केलंय. पहिल्यांदा सपशेल फसलं. पोलंडची शाळा होती. आम्ही पंधरा दिवस तयारी केली, मुलींना नऊवारी नेसवली, लेझीम बसवली, फळ्यावर दोन्ही झेंडे काढले, सरपंच आले, पेपरवाले आले. कॉल लागला आणि लेझीम सुरू झाली तर आवाज असा फाटला की तिकडच्या बाईंनी हेडफोनच काढून ठेवला. मग दोन्हीकडून हात हलवून झाले, हाऊ आर यू, आय ॲम फाइन, तुमचा आवडता रंग कोणता, आमचा निळा. बारा मिनिटांत खेळ खलास. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं की काल काय कळलं तर सगळे गप्प, शेवटी एक पोरगी म्हणली, "बाई, त्यांच्या खिडक्यांना गज नाहीत." त्या सगळ्या थाटामाटात शिकण्यासारखं तेवढंच झालं आणि ते पण मी ठरवलेलं नव्हतं.

वर्षभरानं त्याच बाईंशी परत बोलले. त्या पण म्हणल्या की आमच्याकडं पण तसंच झालं, लेकरं विसरून गेली. मग आम्ही ठरवलं की कॉल सगळ्यात शेवटी. आधी दोन्हीकडच्या लेकरांनी एकच काम करायचं, आकडे पाठवायचे आणि बोलायला काहीतरी साचलं की मग बोलायचं. काम काय, तर एक महिनाभर पाऊस मोजायचा.

पाण्याची रिकामी बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचा तळ सपाट नसतो म्हणून थोडी वाळू आणि पाणी घालून जिथं पातळी सरळ होती तिथं शून्याची खूण, तिथून पट्टी चिकटवायची. बाटली सरळ अंगाची घ्या, मधे कंबर असलेली नको, माप चुकतं. आमच्या दोन गटांनी दोन बाटल्या लावल्या. एका दिवशी एकीत चौदा मिलिमीटर आणि दुसरीत नऊ. झालं भांडण सुरू, तुम्ही पाणी सांडलं, तुम्हीच वरून ओतलं. मी मधी पडले नाही. तिसऱ्या दिवशी एकाच्या लक्षात आलं की दुसरी बाटली लिंबाच्या फांदीखाली आहे. पोलंडच्या लेकरांना आम्ही हेच कळवलं आणि त्यांनी उठून त्यांची बाटली भिंतीपासून लांब नेली, कारण त्यांचे पण आकडे कमी यायले होते. आमच्या पोरांनी पोलंडच्या पोरांची चूक काढली! त्या दिवशी वर्गात जो आनंद झाला तो लेझमीत नव्हता हो.

आता तुमच्या मुख्याध्यापकांच्या भागाकाराचं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं एकदा लेकरांना करून दाखवा, बाकी त्यांच्यावर सोडा. आमच्या पत्र्याचं माप घेतलं, साठ चौरस मीटर भरलं. एका रात्रीत बावीस मिलिमीटर झाला. साठ गुणिले बावीस, तेराशे वीस लिटर. मग माझा एक पोरगा, ज्याला मी दोन वर्षं भागाकार शिकवून थकले होते, तो स्वतःहून पाटी घेऊन बसला कारण त्याला जाणून घ्यायचं होतं की आईच्या पंधरा लिटरच्या घागरी किती भरल्या असत्या. अठ्ठ्याऐंशी. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आलं. मला म्हणतो, "बाई अठ्ठ्याऐंशी घागरी नुसत्या नालीत गेल्या का?"

पोलंडच्या लेकरांना आम्ही सांगितलं की २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तर त्यांना वाटलं भाषांतरात गडबड झाली. रेल्वेनं पाणी? आमच्या लेकरांना पण ते आठवत नाही, वय कुठं तेवढं, म्हणून त्यांनी घरी आजी-आईला विचारून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, कोण किती वाजता उठून रांगेला लागायचं, एका घराला किती पाणी. त्यातून इंग्रजीत आठ-दहा वाक्यं करून पाठवली. चुकीची होती, पाठवली तशीच. समोरच्यांचं इंग्रजी पण आपल्यासारखंच होतं, दोघांची दुसरी भाषा, म्हणून कुणाला लाज वाटली नाही, हा एक मोठाच फायदा. इंग्लंड-अमेरिकेच्या शाळेबरोबर पोरं दबून जातात असं माझं मत.

फोटो येऊ द्या पेपरात, हरकत नाही, पण लेकरांची पूर्ण नावं आणि चेहरे नेटवर टाकू नका, आणि पालकांची सही घ्या आधी.

---

परभणीकर_७

बाईंचं छान आहे पण मी जरा उलटं बोलतो, राग नका मानू.

ह्या ग्लोबलच्या नादात मास्तर लोकांचं शिकवायचं राहायलंय. २०२० ला सोलापूरकडच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आन त्या माणसानं त्यातले निम्मे बाकीच्या नऊ फायनलिस्ट शिक्षकांत वाटून टाकले, मोठा माणूस, मानलं. पण तेव्हापासून दर शिक्षण परिषदेत आमचं डोकं खातात, तुम्ही पण काहीतरी ग्लोबल करा, कोडिंग शिकवा. अरे काय करा? त्याच वर्षी जागतिक बँकेनं शाळा सुधारायच्या स्टार्स प्रकल्पाला ५० कोटी डॉलर मंजूर केले, सहा राज्यं त्यात आपला महाराष्ट्र बी आहे, पण ते कर्ज आहे भाऊ, फेडायचं आपल्यालाच. आन पिसा परीक्षेचं बघा, पंधरा वर्षांच्या लेकरांची जगभर घेतात ती, २००९ च्या फेरीत आपल्याकडून तामिळनाडू आन हिमाचल उतरले होते, ७४ देश-प्रदेशांच्या यादीत खालून दुसरं-तिसरं. त्याच्यानंतर आपण गेलोच नाही. म्हणजे जगाच्या पंगतीत बसायचं म्हणलं की ताट वाढायच्या आधीच उठायचं आन घरी येऊन फोटो टाकायचे.

पाया कच्चा आन मजले चढवायलेत. आधी वाचायला लिहायला शिकवा, कोडिंग-फिडिंग मग.

---

लातूरची बाई

परभणीकर, पायाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण डिसले सरांनी पण सुरुवात त्यांच्या परितेवाडीच्या शाळेतच केली होती ना, पुस्तकात क्यूआर कोड टाकून, म्हणजे वर्गातल्या लेकराला घरी धडा परत ऐकता यावा म्हणून. आधी वर्ग, जग नंतर आलं. आणि पिसाचं म्हणाल तर त्यातले प्रश्न बघा एकदा, गणित आपलंच असतं पण धडा क्रमांक वर लिहिलेला नसतो. आमच्या पोराला घागरीचं गणित आलं आणि स्वाध्यायातलं तेच गणित आठवडाभर येत नव्हतं, याचा विचार मी अजून करते.

---

परभणीकर_७

घागरीचं पटलं. कोडिंगचं नाही पटलं.

---

फिटर ट्रेड, छ. संभाजीनगर

मी आयटीआयला निदेशक आहे, सर तुमच्या त्या जर्मनीवाल्या पालकाचं आधी बघू कारण तिथं पैसे जायची भीती आहे.

जर्मनीला जायचे रस्ते खरे आहेत, त्यात खोटं काही नाही. २०२४ ला महाराष्ट्र सरकारचा आन जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचा करार झाला, दहा हजार कुशल पोरं द्यायची, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्सिंग, ड्रायव्हर असे बरेच ट्रेड, भाषा इथं शिकवायची. त्याच्याशिवाय औसबिल्डुंग असती, म्हणजे आपल्या अप्रेंटिसशिपसारखं पण लय पक्कं, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम, एक-दोन दिवस शाळा, साधारण दोन ते साडेतीन वर्षं, आन त्या काळात कंपनीच पोराला पगार देती. तीनशेच्या वर ट्रेड आहेत त्यांचे. आता तुम्हीच सांगा, जिथं शिकताना पगार मिळतो तिथं अडीच लाख कशाचे?

दोन गोष्टी त्या पालकाला विचारायला लावा. पहिली, भाषेचं काय? जर्मन भाषेची बी-वन लेव्हल, म्हणजे मधली पायरी, झाल्याशिवाय तिकडं फारसं कुणी विचारत नाही, नर्सिंगला बहुतेक त्याच्या वरची बी-टू, आन शून्यापासून बी-वन म्हणजे नीट क्लास केला तरी आठ-दहा महिने जातात. जो म्हणतो भाषा तिकडं गेल्यावर बघू, त्याला चहा पाजून वाटंला लावा. दुसरी, परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला एमिग्रेशन कायद्याखाली, १९८३ चा आहे तो, सरकारकडं नोंदणी लागती, ई-मायग्रेट पोर्टलवर नावं असतात, तिथं शोधायचं. आन नोंदणीवाल्याला बी तीस हजार अधिक जीएसटी, याच्यावर फी घेता येत नाही. अडीच लाख रोख मागतोय म्हणजे समजून घ्या. आमच्या इथला एक पोरगा, वेल्डरचा हुशार पोरगा, त्याच्या बापानं एक एकर विकलं आन तो तीन महिने मुंबईत लॉजवर बसून परत आला. कोणता एजंट ते लिहीत नाही, उपयोग नाही, त्यानं पाटी बदललीय.

आन एक सांगू का, आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणलं की सगळ्यांना विमानच दिसतं. आपल्या चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, दोन सरकारांच्या तांत्रिक सहकार्यातून उभी राहिलेली, इंदूर-अहमदाबादला बी आहेत तशा. दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा होतो, डाय म्हणजे साचा, गाडीचा प्रत्येक पार्ट कुठल्यातरी साच्यातूनच निघतो ना. तिथून निघालेली पोरं मी बघितलीत, एका मिलिमीटरचे शंभर भाग करून बोलतात. शेंद्र्याला स्कोडा कवाची आहे, बिडकीनला टोयोटाचं २०२४ ला ठरलंय, लातूरच्या कोच फॅक्टरीत रशियन भागीदारीतून वंदे भारतचे डबे व्हायचेत. जग इथं यायलंय आन आपल्या तालुक्यातल्या लेकरांना टूल रूमचं नाव माहीत नसतं, बारीक माप घ्यायचं व्हर्नियर कॅलिपर मह्याकडं आल्यावर पहिल्यांदा हातात धरतात. त्यामुळं मास्तर, बाटलीवर पट्टी चिकटवायचं काम मला तर लय आवडलं. मोजायची सवय सहावीत लागली तर आमचं पहिलं सहा महिन्याचं काम वाचतं.

जपानचंच म्हणाल तर आमच्या शहरापासून २५ किलोमीटरवर गाडीवाट गाव आहे, तिथल्या जि.प. शाळेची लेकरं जपानी शिकायलीत अशी बातमी २०२० ला आली होती. चौथी ते आठवीच्या लेकरांना विचारलं कोणती परदेशी भाषा शिकायची तर बऱ्याच जणांनी जपानी सांगितली, का तर रोबोट बनवायचेत. रस्ता धड नाही पण नेट होतं. आता बोला.

---

नांदेडचा कॉम्प्युटरवाला

परभणीकर भाऊंसाठी थोडं. कोडिंग म्हणजे कॉम्प्युटर पाहिजेच असं नाही. बेब्रास म्हणून एक स्पर्धा आहे, २००४ ला लिथुआनियात सुरू झाली, बेब्रास म्हणजे त्यांच्या भाषेत बीव्हर, तो धरण बांधणारा प्राणी. आता कितीतरी देशात होते, भारतात सीएसपाठशाला नावाचा उपक्रम घेतो, मराठीत पण प्रश्न असतात आन फी नाही. प्रश्न म्हणजे कोडी असतात सरळ. एक बंधारा, चार चाऱ्या, कोणतं दार उघडलं की कुणाच्या शेतात पाणी जातं, या धर्तीचं. कागदावर सोडवता येतं. आपल्या पोरांना बारं देताना पाणी फिरवायची अक्कल उपजतच असते, ती जरा कागदावर उतरवायची एवढंच. मास्तर, तुमचा विषय पाणीच आहे तर दोन्ही शाळांनी एकमेकांसाठी अशी कोडी बनवून पाठवायला काय हरकत आहे, भाषा लागतच नाही त्याला, चित्र काढलं की झालं.

आणि सहावीपासून इन्स्पायर मानक या सरकारी विज्ञान योजनेला लेकरांच्या कल्पना शाळेतर्फे नोंदवा, निवड झाली की दहा हजार रुपये लेकराच्या खात्यात येतात मॉडेल बनवायला. राष्ट्रीय पातळीपर्यंत गेलेल्यांतून काही जणांना जपानच्या साकुरा सायन्स प्रोग्रॅममधून खरंच जपानला नेतात. तेव्हा त्या पालकाला अगदीच नाही म्हणू नका.

---

मांजराकाठचा मास्तर, केज (बीड)

बाई, फिटर भाऊ, सगळ्यांचे आभार. एजंटचं त्या पालकाला दाखवलं, ते पोर्टलवर नाव शोधायला लागले तर सापडेना, आता फोन उचलत नाहीयेत त्याचा. पोरगं टूल रूमची चौकशी करायला गेलंय, बारावी झालेल्याला काय मिळतं ते बघून येतो म्हणला.

परभणीकर, तुमचं मला पटतं म्हणूनच तर प्रश्न टाकला.

एक राहिलं, जपानच्या वेळेचं आणि भाषेचं कुणी सांगेल का. मला इंग्रजी लिहायला जमतं, बोलायला हात थरथरतात.

---

हिंगोलीची, सध्या नागोया

सर नमस्कार, मी हिंगोली जिल्ह्यातली, इथं वृद्धांच्या केंद्रात केअरगिव्हर आहे, स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर व्हिसावर. रात्रपाळी संपवून लिहितेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

वेळेचं सोपं आहे, जपान आपल्या साडेतीन तास पुढं. तुमचे साडेदहा म्हणजे इकडचे दुपारचे दोन, शाळा तासाभरात सुटायची वेळ, म्हणून परिपाठ झाला की लगेच कॉल लावा, उशीर करू नका. खरी अडचण सुट्ट्यांची आहे. यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि साधारण २० जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंत उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते. म्हणजे आपला भर पावसाळा चालू आणि तिकडं शाळा बंद. तुमची लेकरं दसऱ्यानंतर फडावर जाणार. तर तुम्हाला मिळून सप्टेंबरच राहतो. जुलैत बाटल्या लावून घ्या, सुट्टीत त्यांना घरी मोजायला सांगा, सुट्टीतला स्वतःचा प्रयोग द्यायची यांच्याकडं पद्धतच आहे, आणि सप्टेंबरात आकडे जुळवा.

भाषेचं सांगू का, मला लय भीती होती, बारावीला इंग्रजीत कसेबसे पास झालेली मी. पण जपानी शिकताना कळलं की वाक्य आपल्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी. मी भात खाते, वाताशी वा गोहान ओ ताबेमासु. आपण जसं शब्दाला ला, नं, चा लावतो तसं ते पण शब्दामागं वा, ओ, नो लावतात. आणि सगळ्यात गंमत म्हणजे प्रश्न विचारायचा तर शेवटी "का" लावायचं! ताबेमासु का, म्हणजे खाता का. आमच्या क्लासमध्ये हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या मराठवाड्याच्या पोरी मोठ्यानं हसलो होतो. त्यांची मूळाक्षरं पण आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना अशी चालतात, कारण ती मांडणी बौद्ध भिक्षूंबरोबर आलेल्या संस्कृतच्या अभ्यासातून आलीय. अवघड आहे ते कांजी, ती चित्रलिपी, तिला इलाज नाही. लेकरांना दहा-पंधरा वाक्यं शिकवा, बास. इंग्रजीतून तिकडच्या मुलांना पण फार बोलता येत नाही हे मी डोळ्यानं बघते, तेव्हा हात थरथरायचं कारण नाही सर.

माझ्यासारखं यायचं असेल तर कामाची परीक्षा, केअरच्या कामातल्या जपानीची परीक्षा आणि साध्या जपानीची परीक्षा, एन-फोर किंवा जेएफटी बेसिक, तिन्ही पास लागतात, वय अठरा पूर्ण, आणि पहिल्या टप्प्यात साधारण पाच वर्षं राहता येतं. कुणी विचारलं तर सांगा. काम अंगमेहनतीचं आहे, आजींना उचलून बसवावं लागतं, पगाराचा आकडा ऐकून येऊ नका नुसता, घरभाडं कापून काय राहतं ते विचारा.

कागावाचं उदोन फेमस आहे, जाड शेवया. त्यांना विचारा त्यावर, लेकरं खुश होतील.

---

परभणीकर_७

"खाता का" वाचून बायकोला ऐकवलं, ती म्हणती म्हणजे मी जपानीच बोलते रोज.

---

मांजराकाठचा मास्तर, केज (बीड)

मंडळी, लय दिवसांनी आलो, सप्टेंबर संपत आला. झालं तेवढं सांगतो.

बाटल्या नऊ लावल्या होत्या, दोन गायींनी पाडल्या, एक कोणीतरी दारूच्या बाटलीसोबत भंगारात घातली. सहा टिकल्या. एसटीनं लेकरांना घेऊन बीडला खजाना विहिरीवर जाऊन आलो, निजामशाहीच्या काळातली, जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं पाणी शेतात जातं, मोटार नाही काही नाही. त्याचं चित्र काढून पाठवलं. तिकडून त्यांनी मान्नो तळ्याचे फोटो पाठवले, देशातलं सगळ्यात मोठं शेततळं म्हणे त्यांचं, इसवी सन ८२१ ला कूकाई नावाच्या भिक्षूनं त्याचा फुटलेला बांध दुरुस्त करून दिला होता आणि अजून दरवर्षी जूनला भातासाठी त्यातून पाणी सोडतात. आमच्या एकानं लगेच विचारलं, "पाळी कशी लावतात सर, टेलच्या, शेवटच्या माणसाला मिळतं का?" हा प्रश्न जसाच्या तसा पाठवला. आठ दिवस लागले उत्तर यायला, कारण तिथल्या लेकरांना माहीत नव्हतं, त्यांनी जाऊन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं. त्यांच्या बाईंनी लिहिलंय की त्यांच्या मुलांनी पहिल्यांदाच तळ्याच्या पाणीवाटपाबद्दल घरी विचारलं.

आणि त्यांनी आम्हाला विचारलं, धरण तुमच्या तालुक्यात आहे तर पाणी दुसऱ्या जिल्ह्यात कसं जातं? लातूरच्या बाई, याचं उत्तर मी तुमच्यावर सोडणार होतो, पण लेकरांनीच लिहून टाकलं की त्यांना पण तहान लागते. आपल्याकडचा एखादा मोठा माणूस असता तर त्यानं दहा पानं लिहिली असती.

कॉल एकदाच केला, पंचवीस मिनिटं. मधी लाइट गेली तर मोबाइलवर केला. तिकडची पोरं वर्ग झाडताना, फरशी पुसताना दिसली, रोजचंच आहे म्हणे त्यांचं, जेवण पण स्वतःच वाढतात. आमची सातवीतली एक म्हणाली, "सर, आपण झाडलं की पेपरात तक्रार येती आन त्यांचं झाडलेलं आपण टीव्हीवर बघायचं का?" मुख्याध्यापक शेजारीच उभे होते, ते हसून हसून बाहेर गेले. आता तेच विचारायलेत पुढच्या वर्षी कोणता विषय घ्यायचा.

भागाकार म्हणाल तर सात-आठातले चार जण वर आले, बाकी अजून तसेच आहेत. सगळं काही सुधारलं असं नाही.

पुढच्या आठवड्यापासून वर्ग रिकामा व्हायला लागेल. काल सहावीतली एक पोरगी बाटली पिशवीत घालून न्यायली होती, मी विचारलं कुठं, तर म्हणती कोल्हापूरकडं फडावर, तिथं पण लावते सर. मी म्हणलं तिकडं आता पाऊस संपलेला असतोय बाई. ती म्हणली मग रोज शून्य लिहायचं का? मी जपानच्या बाईंना विचारलं. त्या म्हणल्या शून्य पण पाठवा, आमच्या तक्त्यात तिचा रकाना ठेवलाय. तिच्या बापाच्या मोबाइलवर व्हॉट्सॲप आहे, बघू किती दिवस चालतंय.

अन हो, प्रोजेक्टरचा बल्ब संभाजीनगरला कुठं स्वस्तात मिळतो का, इथला दुकानदार साडेपाच हजार म्हणतोय, फिटर भाऊ तुम्हाला माहीत असेल तर कळवा.